दुसरी वाट

विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला गावाकडं हमखास एकच प्रश्न विचारतात. "तुमाला इमान फुकाट असतंय न्हवं?" मी ३१ वर्षं मुंबईच्या सहार विमानतळावर काढली. आधी सामानाच्या विभागात, मग चेक-इनच्या काउंटरवर. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला जत्रेत विचारला, लग्नाच्या पंगतीत विचारला, एकदा तर सावडायला गेलो होतो तिथंही एकानं हळूच कानाशी येऊन विचारला. मी दर वेळी "तसंच काहीतरी" म्हणून वेळ मारून नेली. खरं उत्तर द्यायला बसलो असतो तर निम्मा दिवस गेला असता. आता निवृत्त होऊन गावी, माण तालुक्यात, राहायला आलोय. वेळ भरपूर आहे. म्हणून ते उत्तर लिहून काढतो. त्या उत्तराच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो विमानापुरता नाही.

तर, फुकट नसतं. कर आणि विमानतळाचे आकार भरावे लागतात. आपल्या कंपनीचं तिकीट मूळ भाड्याच्या थोड्याशा हिश्शात मिळतं. दुसऱ्या कंपनीच्या विमानानं जायचं झालं तर कंपन्या-कंपन्यांत करार असतात. त्यांतल्या एकाला ‘झेड-ई-डी’ म्हणतात. अंतराचे टप्पे पाडून त्याप्रमाणे कर्मचाऱ्यांचं भाडं ठरवलेलं असतं. इथवर ऐकलं की माणसं म्हणतात, मग आणखी काय पाहिजे? पण त्या तिकिटावर एक अट असते. ‘सब्जेक्ट टू लोड’. आम्ही आपसांत बोलताना ‘सब्लो’ म्हणायचो. अर्थ एवढाच, की जागा उरली तर. पैसे भरलेला प्रत्येक प्रवासी आला, बसला, काउंटर बंद झाला, की मग ज्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या त्या आमच्या यादीला. तोवर बॅग घेऊन बाजूला उभं राहायचं. म्हणून त्याला स्टँडबाय म्हणतात.

माझ्या आईला हे समजावून सांगायला एक शब्द पुरला. सरवा. बाजरीची कणसं खुडून झाली, भुईमुगाच्या शेंगा काढून झाल्या, की रानात जे मागं राहतं तो सरवा. ज्यांना स्वतःचं रान नाही अशा बायका पदराचा वटा करून तो वेचायला यायच्या. त्याची एक रीत होती. मालकाचं काम पुरं झाल्याशिवाय वेचणारीनं रानात पाय टाकायचा नाही. आणि मालकानंही दुसऱ्यांदा रान झाडून न्यायचं नाही. आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजी तू इमानातला सरवा येचतूस म्हन की." इतकं नेमकं मला आमच्या साहेबांच्या ट्रेनिंगमध्येही कुणी सांगितलं नव्हतं.

सरव्यात आधी कोण वाकणार याला काही नियम नसतो. आमच्या यादीला असतो. प्रत्येक कंपनीचा क्रम थोडा वेगळा, पण साधारण असा: कंपनीच्या कामावर निघालेला माणूस पहिला. मग नोकरीतले कर्मचारी, बहुतेक ठिकाणी जितकी नोकरी जुनी तितका नंबर वर. मग निवृत्त झालेले. शेवटी इतर कंपन्यांचे. या क्रमात गरज कुठंही नाही. कुणी सहलीला निघालाय, कुणी लेकीच्या बाळंतपणाला, कुणी बापाला अग्नी द्यायला. यादीला ते दिसत नाही.

शिवाय खुर्ची रिकामी असली म्हणजे ती मिळेलच असंही नाही. विमानाला वजनाची मर्यादा असते. थंडीच्या दिवसांत पश्चिमेकडं जाताना वरचा वारा समोरून जोरात येतो, इंधन जास्त भरावं लागतं, आणि इंधन वाढलं की माणसं कमी करावी लागतात. उन्हाळ्यात हवा तापून विरळ होते, मग उडतानाच वजन कमी ठेवावं लागतं. असा एक-एक रिकामा दिवस मी पाहिलाय, की आत दहा खुर्च्या मोकळ्या आणि बाहेर यादीतले दहाजण बॅगा उचलून परत घराकडं.

त्यामुळं परदेशी जाणारा जाणता कर्मचारी कधी एका वाटेच्या भरवशावर निघत नाही. त्याच्याजवळ एक कागद असतो. पहिली वाट, दुसरी वाट, तिसरी वाट. हे जुळवणं म्हणजे एक विद्याच आहे. शाळांच्या सुट्ट्या, दिवाळी, नाताळ टाळायचा. आठवड्याच्या मधले दिवस धरायचे. दिवसातून एकच विमान जातं अशा गावात अडकायचं नाही. जिथून पुढं तीन-चार विमानं निघतात अशा ठिकाणी आधी पोचायचं. आदल्या दिवशीचं एखादं विमान रद्द झालं असेल तर आजची आशा सोडायची, कारण कालची माणसं आजच्या खुर्च्यांवर बसणार. मधल्या विमानतळावर भारतीय पासपोर्टाला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते आधी बघायचं. नाहीतर जागा मिळूनही चढू देत नाहीत. सामान हातातल्या बॅगेत मावेल एवढंच. कपडे नीटनेटके. काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की पूर्ण भाड्याचं तिकीट काढता येईल एवढे पैसे खात्यात बाजूला नसतील तर स्टँडबायवर घर सोडायचंच नाही. ती शेवटची वाट. ती वापरायची वेळ येऊ नये, पण ती असावी.

२०१६ च्या जून महिन्यात असा कागद मी स्वतःसाठी केला. लेक मँचेस्टरला, तिचं पहिलं बाळंतपण. मी निवृत्त झालेला, म्हणजे जी यादी मी वर्षानुवर्षं चालवली तिच्या शेपटाला आता मीच. जून म्हणजे सुट्टीचा हंगाम, विमानं भरलेली. पण बाळ काही लोड बघून येत नाही. कागदावर चार वाटा लिहिल्या. मुंबईहून सरळ लंडन, तिथून रेल्वे. नाहीतर दिल्लीहून लंडन. नाहीतर दुबईला जायचं आणि तिथून मँचेस्टर, बर्मिंगहॅम, न्यूकॅसल, जिथली जागा मिळेल तिथली. चौथी वाट पैशाची.

बायकोला हा कागद अजिबात रुचला नाही. ती बाळासाठी शिवलेली वाकळ बॅगेत कोंबत होती आणि ती मावत नव्हती, त्याचाही राग असेल. "आवं, निघायच्या आदीच कशाला म्हनायचं जमनार न्हाय म्हनून? चांगलं बोलावं, चांगलं हुतंय."

तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. आपल्याकडं ही भावना खोल आहे. वाईटाची तयारी केली की वाईटाला आवतण दिल्यासारखं वाटतं. पण माझे वडील आठवले. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. मृगात पाऊस पडला तर बाजरी, आणि लांबला तर हुलगा-मटकी, अशी दोन्ही बियाणी ते घरात ठेवायचे. पेरलेलं करपलं तर दुबार पेरणीला म्हणून एक गाडगं वेगळं, त्याला कुणी हात लावायचा नाही. आता शेतकी खातंही आपत्कालीन पीक आराखडा काढतं. वडिलांचा आराखडा त्या गाडग्यात होता. त्यांचा पावसावर विश्वास नव्हता असं कुणी म्हणेल का? पहिल्या सरीला मातीचा वास आला की ते टोपी काढून उभे राहायचे. पावसावर त्यांची श्रद्धा होती. पाऊस आपल्या बांधील आहे असं मात्र त्यांनी कधी धरलं नाही. मी बायकोला एवढंच म्हटलं, "हे दुबारचं गाडगं हाय असं समज." ती काही बोलली नाही, पण वाकळीची घडी तिनं बारीक केली.

त्या रात्री लंडनच्या विमानाला आमचे नंबर सातवा आणि आठवा. चार जागा मोकळ्या होत्या, आणि सहा माणसांचं एक कुटुंब अजून आलं नव्हतं. काउंटर बंद व्हायला पंधरा मिनिटं. बायकोनं बोटांवर हिशेब केला.

"ती सा मानसं न्हाय आली तर आपलं जमंल न्हवं?"

"जमेल."

ती दाराकडं बघू लागली. यादीतले सगळेच दाराकडं बघत होते. कुणीतरी म्हणालं, हायवेला गाड्या तुंबल्यात. ते ऐकून दोघा-तिघांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते आनंदासारखंच होतं. काउंटरच्या आतल्या बाजूनं हा चेहरा मी हजार वेळा पाहिला होता. चांगली, घरंदाज, देवाधर्माची माणसं. पण त्या पंधरा मिनिटांत कुणाचीतरी गाडी बंद पडावी, कुणालातरी पासपोर्ट घरी राहिल्याचं आठवावं, असं त्यांना वाटत असतं. तोंडानं कुणी म्हणत नाही.

सात मिनिटं उरली असताना ते कुटुंब आलं. पळत. व्हीलचेअरवर एक म्हातारी, तिच्या मांडीवर सगळ्यांचे पासपोर्ट. बायको त्या म्हातारीकडं बघत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी काय चिंतीत हुते वं."

गावातल्या माणसांना वाटतं, या सवलतीत काही गैर असेल तर ते स्वस्तात जाण्यात आहे. ते मला पटत नाही. विमान उडालं की रिकामी खुर्ची वायाच जाते. सरव्याचं कणीस वेचलं नाही तर पाखरं खातात. त्यावर बसल्यानं कुणाचं काही जात नाही. खोट आहे ती वेगळ्या जागी. ज्याला उरलेल्यावर जगायचंय, त्याला वाटू लागतं की दुसऱ्याचं थोडं जास्त सांडावं. खुडणाऱ्या बाईचा हात ढिला पडावा. येणारा येऊ नये. आपलं भलं दुसऱ्याच्या अडचणीला बांधलं गेलं, की भला माणूसही मनातल्या मनात त्या अडचणीला हाका मारू लागतो.

आणि माझ्या मते यावरचा इलाज उपदेशात नाही, त्या कागदात आहे. सहा माणसं आली, यादीतले काहीजण मटकन खाली बसले. आम्ही कागद काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुबईच्या विमानात भरपूर जागा होती, ती मिळाली. दुबईत मँचेस्टर भरलेलं निघालं, बर्मिंगहॅममध्ये बसलो, तिथून रेल्वे धरली. पोचलो तेव्हा नात नऊ तासांची झाली होती. लेकीजवळ कळांच्या वेळी आपण असावं एवढ्यासाठी बायको निघाली होती, आणि तेच हुकलं. रात्री त्या छोट्या घरात वाकळ अंथरता अंथरता ती म्हणाली, "त्या म्हातारीची बी कुनीतरी तकडं वाट बघत असंल."

तिच्या मोठ्या मनाचं मला कौतुक आहे. पण मी ३१ वर्षं काउंटरवर काढलेला माणूस. मला हेही दिसतं, की आम्हाला दुसरी वाट होती म्हणून तिला तसं म्हणता आलं. तीच एक वाट असती आणि ती त्या सहा माणसांनी बंद केली असती, तर तिच्या तोंडून काय आलं असतं ते मी सांगू शकत नाही. दुसरी वाट हाताशी असली की दुसऱ्याचं वाईट चिंतायची गरज उरत नाही. वाटा शोधून ठेवणं हा चतुरपणा म्हणून मी शिकलो. तो सज्जनपणाचाही भाग आहे हे त्या प्रवासानं शिकवलं.

नोकरीत असतानाची एक रात्र आहे. यादीत एक तरुण पोरगा सहावा. आई वारल्याचा निरोप आला होता, दुसऱ्या दिवशी माती होती. जागा दोन. नियमात गरजेला रकाना नाही, आणि मला नंबर बदलायचा अधिकार नाही. एक बारकावा इथं सांगायला हवा. यादीत आपला नंबर आपण दुसऱ्याला देऊ शकत नाही. आपण फक्त मागं हटू शकतो, आणि मग जागा आपल्या मागच्याला जाते, आपल्या मनातल्या माणसाला नाही. म्हणजे दुसरा एकटा हटून भागत नव्हतं. पहिल्या पाचांपैकी चौघांनी हटायला हवं होतं.

तिघं हटले. एकापाठोपाठ एक आले आणि "माझं नाव उद्याला टाका" म्हणाले. चौथा कुणी हटला नाही. पहिला तर सगळ्यांत जुना, त्यानं काही ऐकलंही नसावं. दुसरा मात्र सगळं ऐकत होता. तो खाली मान घालून म्हणाला, "उद्या सकाळी ड्यूटीवर उभा राहिलो नाही तर माझी नोकरी जाते." दोघं गेले. पोरगा राहिला. हटलेल्या तिघांनी तिथंच वर्गणी काढली, आणखी दोघांनी भर घातली, आणि त्याला दुसऱ्या कंपनीचं पुऱ्या भाड्याचं तिकीट काढून दिलं. चौथी वाट.

त्या दुसऱ्या माणसाला तिथं जमलेल्यांनी नंतर नावं ठेवली. मला ती ठेववली नाहीत. हटलेल्या तिघांना उद्याचं विमान चालण्यासारखं होतं. याला उद्या नव्हता. वाट देण्यासाठी आधी आपल्याजवळ एखादी वाट जास्तीची असावी लागते.

मग यादीच गरजेप्रमाणे का लावू नये? हा प्रश्न मला तरुण सहकारी विचारायचे. तशी यादी लागलेली मी पाहिली. २३ मार्च २०२० पासून आपल्या देशातली नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली. ती पूर्वीसारखी सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. त्या काळात पक्कं तिकीट असलेला आणि स्टँडबायवाला एकाच रांगेत आले. मे २०२० मध्ये ‘वंदे भारत’ची विमानं सुरू झाली तेव्हा सरकारनं क्रम ठरवला: काम गेलेले मजूर, व्हिसा संपत आलेले, गरोदर बाया, म्हातारी आणि आजारी माणसं, घरात मयत झालेले, विद्यार्थी. कुणाची नोकरी किती जुनी हे त्यात नव्हतं. सगळ्यांच्याच वाटा बंद झाल्या तेव्हा गरज हाच क्रम योग्य होता, यात मला शंका नाही.

पण रोजच्या रात्री ते चालेल असं वाटत नाही. गरज सिद्ध करावी लागते. मग ज्याला रडता येतं तो पुढं जातो आणि ज्याला मागता येत नाही तो मागं राहतो. रात्री दोन वाजता काउंटरवरच्या पोरानं कुणाचं दुःख किती किलोचं हे तोलायचं का? जुन्या नोकरीचा तो कोरडा क्रम मला तेव्हा आधार वाटायचा. तो माया करत नाही, पण कुणाला हात पसरायलाही लावत नाही. नियम कोरडाच असू द्यावा. ओलावा रांगेतल्या माणसांनी आणावा. त्या रात्री तिघांनी तो आणला.

आता एक अडचण राहते, आणि ती मला सुटलेली नाही. दुसऱ्या वाटेला पैसा लागतो. माझ्या खात्यात चौथ्या वाटेचे पैसे होते, कारण मला पेन्शन होती. आमच्या रानात सरवा वेचायला येणाऱ्या बायकांना दुसरं रान नव्हतं. वडिलांकडं दुबारचं गाडगं होतं, कारण पहिल्या वर्षीचं थोडं उरलं होतं. ज्याचं काहीच उरत नाही त्याला ‘दोन वाटा ठेव, मन मोठं ठेव’ म्हणणं सोपं आहे, आणि बरोबर नाही. म्हणून मी हे सांगणं एकवाटेच्या माणसाला सांगत नाही. ज्यांच्याकडं दोन आहेत त्यांना सांगतो. मालकानं दुसऱ्यांदा रान झाडायचं नाही, ही रीत मालकासाठी होती, वेचणारीसाठी नव्हती.

आता तर सरवाही आटत चाललाय. कंपन्यांचे संगणक कोण येणार, कोण गळणार याचा अंदाज बांधून खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. मळणी यंत्रानं दाणा शिल्लक ठेवू नये तसं. नव्या पोरांना रात्र-रात्र थांबावं लागतं. आमच्या भावकीतली एक पोरगी अलीकडंच विमानतळावर नोकरीला लागली. पहिल्याच वर्षी परदेशी जायचंय, म्हणून कागद कसा करायचा ते विचारायला आली होती. मी तिला सगळं सांगितलं. आठवड्याचा वार, सुट्ट्या, व्हिसा, हातातली बॅग, खात्यातले पैसे. ती लिहून घेत होती. शेवटी म्हणाली, "तात्या, अजून काय?"

मी म्हटलं, "तुझं नाव पुकारलं की पुढं जायच्या आदी एकदा मागं बघ. मागच्याकडं दुसरा कागद हाय का, तेवढं इचार. हाय म्हनला तर बिनघोर जा."

"आन न्हाय म्हनला तर?"

"मग तुझा कागद काढून बघ, उद्याची वाट हाय का."

तिनं तेही लिहून घेतलं.